एक गाव, एक गोल

मास्तरांकडे हिरवा रंग मागितला की ते आधी विचारायचे, "कुठं हाये हिरवं? दाखीव."

मागणारा गप्प बसायचा, कारण त्या वर्षी आमच्या तालुक्यात हिरवं म्हणावं असं खरोखर काही उरलं नव्हतं. बाभळीसुद्धा मातकट झाल्या होत्या. पण मास्तर तेवढ्यावर सोडणारे नव्हते. ते माणसाला खिडकीपाशी न्यायचे, बाहेरचा रखरखीत माळ दाखवायचे आणि म्हणायचे, "सापडलं की सांग, डबी उघडतो." एवढ्यात माणसाची सकाळ खलास व्हायची. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर कारकून होतो, तेव्हा माझ्या सकाळींचं काय झालं ते विचारू नका.

सत्तरच्या दशकातला तो मोठा दुष्काळ. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. आम्ही सगळे औरंगाबादच्या तोंडाकडे बघत असायचो. तालुक्याच्या गावी आमचं पंचायतीचं ऑफिस होतं, आणि त्यात दिवसभर कोण ना कोण पाहणीला येत असे. आलेल्या माणसाला बसायला वेळ नसायचा. त्याला उभ्या उभ्या कळेल असं काहीतरी भिंतीवर हवं, म्हणून साहेबांनी एका शाळेतले ड्रॉइंग मास्तर आमच्याकडे कामाला मागवून घेतले. मास्तर आले ते एक पत्र्याची पेटी, फडक्यात गुंडाळलेले ब्रश आणि कुठल्याच खात्यात न बसणारा स्वभाव घेऊन आले.

त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर प्लायवूड ठोकून घेतलं आणि त्यावर चौकटीचे कागद चिकटवून एक भलामोठा आलेख मांडला. खाली ओळीनं तालुक्यातली गावं, डावीकडे विहिरीतल्या पाण्याची खोली. गावागणिक एक ठिपका, ठिपक्यांना जोडणारी काळी रेघ. आणि त्या रेघेवर रंगीत आकार: पिण्याच्या पाण्याचा गोल, रस्त्याच्या किंवा खडीच्या कामाचा चौकोन, चारा डेपोचा त्रिकोण. पाणी संपलं असेल तर लाल, जेमतेम असेल तर पिवळा, पुरेसं असेल तर हिरवा. "आकार म्हंजे काय चाललंय, अन् रंग म्हंजे कसं चाललंय," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. शिपायालाही सांगत. शिपाई बिचारा रोज तेच ऐकून मान डोलावायचा.

कंपास त्यांना चालत नसे. कंपासचं टोक कागदाला भोक पाडतं आणि भोकातून रंग खाली मुरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गोल काढायला ते घरातली भांडी वापरत. मोठ्या गावाला चहाच्या ग्लासाचं बूड, मधल्याला तपकिरीच्या डबीचं झाकण, लहानाला कुंकवाच्या करंड्याचं. गाव किती मोठं तेवढा गोल मोठा, हा त्यांचा कायदा. आता ऑफिसात चहाचे ग्लास मोजकेच, त्यातला एक कायम मास्तरांच्या पेटीत. चहा आला की कुणीतरी एक जण आपली पाळी येईपर्यंत थांबायचा, आणि तो एक जण बहुधा मीच असायचो. एकदा मी वैतागून म्हणालो, "मास्तर, ग्लास चहासाठी असतो."

"चहा बशीतून बी पिता येतो, कारकूनसाहेब," ते म्हणाले. "गोल बशीतून काढला तर समदा तालुका एकाच गावानं झाकून जाईल."

मला ते कारकूनसाहेब म्हणत. वयानं मी बराच लहान, पण अरे-तुरे करताना मागं साहेब लावायची त्यांची खोड होती.

दुसरा कायदा रंगाचा. "आधी रंग, मंग रेघ." पोस्टरचा रंग दाट असतो, रेघेवर चढवला की रेघ गडप. एकदा साहेबांना कामांची जागा ठळक दिसावी असं वाटलं. मास्तर गावाला गेलेले. साहेबांनी शाळेतल्या दुसऱ्या एका हौशी माणसाला बोलावलं आणि आलेखावर आडवा हिरवा पट्टा मारून घेतला. पट्टा फार सुरेख आला. फक्त त्याखाली निम्म्या तालुक्याच्या विहिरी दिसेनाशा झाल्या. मास्तर सोमवारी आले, बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "वा! पानी लागलं की समद्यांना. आता घरी जाऊ." आणि खरंच पेटी उचलून घरी गेले. साहेबांना शिपायामागून शिपाई पाठवावे लागले. परत आल्यावर त्यांनी ब्लेडनं तो पट्टा खरवडला. ते खरवडणं कितीतरी दिवस चाललं होतं, आणि तो करकर आवाज ऐकून माझं डोकं उठायचं.

परवा पुण्याहून माझी भाची आली होती. ती संगणकावर असलेच आलेख काढते. एक ओळ लिहिली की चौकोन, दुसरी लिहिली की गोल, हव्या त्या रंगात. मी खुर्ची ओढून बघत बसलो. तिचा एक रंगीत चौकोन रेघेवर बसला होता आणि ती चिडचिड करत होती. मी म्हणालो, "आधी रंग, मग रेघ." तिनं दोन ओळींची अदलाबदल केली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मला हसूही आलं आणि उगाच थकल्यासारखंही वाटलं.

खरं तर मास्तर म्हटलं की मला आधी थकवाच आठवतो. चांगल्या माणसांची आठवण गोड असते असं म्हणतात, पण प्रत्येक चांगला माणूस सोबतीला चांगला असतोच असं नाही. मास्तर साध्या साध्या गोष्टीवरून वाद घालत. डिंक पातळ झाला की वाद, पंखा लावला की वाद, कारण पंख्यानं रंग वाळतो आणि तडकतो. उन्हाळ्याच्या त्या भट्टीत आम्ही पंखा बंद ठेवून घामाघूम बसायचो. कधी कधी त्यांचा वाद साफ चुकीचा असे. एका बैठकीच्या दिवशी ते दोन गावांतल्या अंतरावरून अडून बसले आणि बैठक उठून गेली तरी आलेख पुरा झाला नाही. साहेब त्यांना काही बोलले नाहीत. साहेब घाटाकडचे, मानेचं दुखणं असलेले, फार वाईट नसलेले गृहस्थ होते. ते नुसते म्हणाले, "मास्तर, मला एक दिवस शांत झोपू द्या."

मास्तरांचं गाव तालुक्यातच होतं. नाव सांगत नाही. तशी गावं बरीच होती आणि मीही तसल्याच एका गावात वाढलो. मास्तरांचं घर बौद्धवस्तीत, ओढ्यापलीकडे. वडील गेलेले, घरात एकटी आई. मास्तर दर शनिवारी सायकल मारत गावी जायचे आणि सोमवारी यायचे ते गप्प गप्प यायचे. बाकीचे आम्ही खूश व्हायचो, की सकाळ तरी शांततेत जाईल.

गप्प का, ते मला एका सोमवारी कळलं. ते त्यांच्या गावाच्या गोलासमोर उभे होते. तो गोल हिरवा होता. सगळ्या आलेखावर जे दोन-चार हिरवे गोल होते, त्यातला एक.

"ह्यो कुनी सांगितला हिरवा?" त्यांनी विचारलं.

"तलाठ्याचा आकडा आहे मास्तर. चावडीपुढच्या विहिरीला पाणी आहे. तुम्हीच रंगवलाय."

"रंगवला. आकडा बराबर हाये. इहिरीला पानी बी हाये," ते म्हणाले. "वस्तीची इहीर आटली. माझी माय वढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरून राह्यली. अन् मी हितं तिच्या डोक्यावर हिरवा गोल बसवलाय."

चावडीपुढच्या विहिरीवर वस्तीतल्या बायकांनी चढायचं नाही, हे गावात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. वस्तीची विहीर वेगळी होती, तिला पाणी होतं तोवर कुणी कुणाला काही म्हणायचं कारण पडलं नाही. आता ती आटली होती.

मास्तर साहेबांकडे गेले. त्यांना गावाच्या गोलाशेजारी वस्तीचा एक वेगळा गोल काढायचा होता, लाल. म्हणजे वस्तीला टँकर मागता आला असता. हिरव्या गावाला टँकर मिळत नसे. साहेब म्हणाले, "एक गाव, एक गोल. वाड्या-वस्त्यांचे गोल काढायला लागलो तर तक्ता पुरायचा नाही." मास्तर म्हणाले, मी लहान काढतो. साहेब म्हणाले, लहान-मोठ्याचा प्रश्न नाही. मास्तर म्हणाले, मंग कशाचा हाये? असं तीन-चार दिवस चाललं. मास्तर बोलून दमत नव्हते आणि साहेब ऐकून दमले होते. शेवटी साहेब मान चोळत म्हणाले, "काढा. पण दिसणार नाही एवढा काढा."

मास्तरांनी पेटीतून जुन्या कोटाचं एक बटण काढलं. कागदावर ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली आणि आत लाल भरला. हिरव्या गोलाच्या बगलेत तो एवढासा गोल. दुरून बघितलं तर रंग सांडल्यासारखा वाटायचा.

त्यानंतर औरंगाबादहून मोठे साहेब आले. सगळा तक्ता त्यांनी एका दमात बघितला आणि नेमके तिथंच थांबले. "हे काय सांडलंय?"

"सांडलं न्हाई साहेब, काढलंय," मास्तर पुढं झाले. "ती वस्ती हाये. गावात दोन इहिरी. एकीला पानी हाये, एक आटली."

"मग पाणी आहे त्या विहिरीवरून घ्यायचं."

आमचे साहेब जमिनीकडे बघायला लागले, मी फाइलीत बघायला लागलो, ग्रामसेवक खिडकीबाहेर. मोठे साहेबही याच मातीतले होते. त्यांना समजायला वेळ लागला नाही. पण समजलं म्हणायचं तर पुढं काहीतरी करावं लागलं असतं. ते म्हणाले, "बरं, टँकर लावा." विहीर उघडण्यापेक्षा टँकर लावणं सोपं होतं.

पहिल्या खेपेला मास्तरांनी रजा टाकली आणि मला बरोबर घेतलं. पावतीवर सही आणायला कुणीतरी जायचंच होतं. टँकर वडीगोद्रीच्या अंगाला एका बागायतदाराच्या विहिरीवर भरायचा. तिथून आम्ही ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसून निघालो. मास्तर वाटभर ड्रायव्हरला गाडी सावकाश घे म्हणून सांगत होते, पाणी हिंदकळतं म्हणून. गावात शिरल्यावर ते म्हणाले, "आता डाव्या अंगाला. वढ्याकडं."

"वढ्यात गाडी उतरत न्हाई मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "रुतली तर मला कोन काढनार? अन् वरून हुकूम हाये, टँकर सार्वजनिक इहिरीत खाली करायचा."

तो खोटं बोलत नव्हता. हुकूम तसाच होता, माझ्या हातातल्या पावतीवर तेच छापलेलं होतं. टँकर कुठंही गेला तरी सार्वजनिक विहिरीतच रिकामा करायचा, म्हणजे वाटप नीट होतं. मास्तर तोंड उघडेपर्यंत गाडी चावडीपुढे लागली, पाइप विहिरीत सुटला, आणि वस्तीसाठी आणलेलं सगळं पाणी आमच्या डोळ्यांदेखत गावाच्या विहिरीत गेलं.

वस्तीतल्या बायका टँकरचा आवाज ऐकून ओढा ओलांडून आल्या होत्या. घागरी घेऊन त्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. पुढं कुणी आली नाही. गावातले एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत, ओट्यावरून उतरून मास्तरांजवळ आले. माणूस सौम्य होता.

"मास्तर, बायांला म्हना घागरी मांडा रांगेनं. आमचे गडी वढून वतून देतेत. कोन कुनाला तान्हेलं ठेवंल का?"

आपण मोठं मन दाखवतोय असंच त्यांना मनापासून वाटत होतं. मी मास्तरांकडे बघितलं. पंख्यावरून, डिंकावरून, चहाच्या ग्लासावरून दिवसदिवस भांडणारा माणूस तिथं एक शब्द बोलेना. त्यांचे ओठ नुसते हलत होते. मला त्यांची फार दया आली आणि रागही आला, की आता भांडायचं तर हे गप्प.

तेवढ्यात लिंबाखालून त्यांची आई आली. उंच, काटकुळी, मिश्री लावून काळे झालेले दात. तिनं घागर विहिरीच्या ओट्यावर ठेवली.

"अन्ना, इहीर तुमची, ते बराबर," ती म्हणाली. "पन पानी तर आत्ता आलं, माझ्या डोळ्याम्होरं. ते माझ्या लेकानं आनलं. माझं तेवढं मी वरच्यावर काढून घेते. तुमचं खाली हाये, ते राहू द्या तसंच."

ड्रायव्हर मोठ्यानं हसला. म्हातारीनं तोवर दोर सोडला होता. तिची घागर भरली, मग दुसरीची भरली, मग सगळ्याच वर चढल्या. सरकारी गाडी उभी होती, सरकारी माणसं उभी होती. कुणी हात धरला नाही. बघ्यांची तोंडं मात्र आंबट झाली होती.

परत येताना मास्तरांनी वडीगोद्रीला गाडी थांबवून तिघांना चहा पाजला आणि स्वतः दोन कप प्याले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी बटण काढलं आणि तो लहान गोल पिवळा केला. मी म्हणालो, "हिरवा करा की आता."

"येका खेपेनं हिरवं व्हत न्हाई," ते म्हणाले. "जल्दी करू नको."

आठवडा उलटायच्या आत त्या गावाहून ग्रामपंचायतीचा ठराव आला. मी तो फोडला आणि पुन्हा पुन्हा वाचला. गावात पाणी मुबलक आहे, टँकरची आवश्यकता नाही, तरी टँकर बंद करण्यात यावा. खाली सगळ्यांच्या सह्या, अण्णांचीही. पाणी मुबलक नव्हतं. विहीर महिनाभर पुरली असती की नाही याची त्यांनाही शंका असणार. पण टँकर आला की बायका ओट्यावर चढणार, आणि एकदा चढल्या की उतरवायच्या कशा? त्यापेक्षा टँकरच नको. दुष्काळात पाणी नाकारणारं गाव मी आयुष्यात एवढंच पाहिलं.

साहेबांनी मास्तरांना बोलावलं. ठराव पुढं सरकवला. "मास्तर, आता माझ्या हातात काही नाही. टँकर बंद. तो लहान गोल पुसून टाका."

मला वाटलं, आता भांडण. पण मास्तरांनी ठराव वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पुसतो. पन आधी मायला घिऊन येतो. मानूस तिथं असताना पुसू कसं?"

रविवारी ते निघाले, आणि का कोण जाणे, मीही सायकल काढून त्यांच्याबरोबर गेलो. म्हातारी ओढ्यात झिऱ्यापाशी बसली होती. खड्ड्यात तळाशी गढूळ पाणी साचायचं, ती वाटीनं ते उपसून फडक्यातून घागरीत गाळायची, मग पुन्हा साचायची वाट बघायची. मास्तर शेजारी बसले. तालुक्याच्या गावी भाड्याची खोली होती, दारात नळ होता, एक दिवसाआड का होईना पाणी यायचं. ते सगळं त्यांनी सांगितलं. माय, चल. हितं आता काय ठिवलंय?

म्हातारीनं हातातली वाटी भरून घागरीत रिकामी केली.

"आज मी येते तुझ्यासंगं," मग ती म्हणाली. "उद्या शेजारीन तिच्या लेकीकडं जाईल. परवा तिसरी. वस्ती रिकामी झाली का तुझा गोल आपोआप हिरवा. पानी न देता गाव हिरवं करायची ही लई सोपी रीत हाये, बाबा. मी न्हाई येत."

मास्तरांनी तिच्या हातातली वाटी घेतली आणि पाणी उपसायला लागले. घागर भरायला दुपार झाली. ती त्यांनी खांद्यावर घेऊन घरी नेऊन ठेवली, आणि आम्ही उन्हातनं परत आलो. वाटेत ते एकदाही वाद घालायला थांबले नाहीत, आणि मला ते सहन होईना.

सोमवारी ते पेटी घेऊन तक्त्यासमोर उभे राहिले. बटण ठेवलं, लाल डबी उघडली आणि पिवळ्यावर पुन्हा लाल चढवला. साहेब मागून आले, मान धरून बघत राहिले.

"मास्तर, अहो, पुसायचा म्हणाला होता ना?"

"माय आली न्हाई, साहेब."

ठराव साहेबांच्या हातातच होता. मग अगदी हळू, भांडणाचा सूर नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग किती दिवस ठेवणार हा?"

मास्तरांनी ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला.

"माय हाये तवर," ते म्हणाले.